बाळाची सर्दी, आईचं दूध आणि आपण शेजारी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत आपल्या सभागृहात केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून लिहून काढून स्मरणिकेसाठी देत आहे.)



व्याख्यानमालेसाठी सचिवांनी विषय विचारला, तेव्हा त्यांना वाटलं असणार की मी ज्येष्ठांच्या ठेवी, व्याज, वारसनोंद असं काहीतरी सांगेन. मी म्हटलं, ‘बाळंतीण, बाळ आणि सर्दी.’ ते जरा माझ्याकडे बघतच राहिले. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांची खाती सांभाळली. पण गेल्या वर्षभरात आपल्या दोन्ही विंगमध्ये मिळून चार पाळणे हलले. त्यातल्या दोन घरांत आईला सर्दी-खोकला झाला आणि प्रश्न एकच आला : ‘आता बाळाला अंगावर पाजायचं का नाही?’ एका घरात आजी म्हणाल्या, पाजू नको, दुधातून बाळाला जाईल. दुसऱ्या घरात डॉक्टरांनी सांगितलं, पाजा. जिन्यात, लिफ्टमध्ये, कट्ट्यावर यावर बरीच चर्चा झाली. तेव्हा मी ठरवलं की याविषयी नीट वाचायचं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारायचं आणि समजलं ते तुमच्यापुढे मांडायचं.

प्रश्न साधा दिसतो, पण तो साधा नाही. एक उदाहरण देतो. २०२१ सालचा जून-जुलै आठवा. राज्यात बाकी ठिकाणी दुसरी लाट ओसरत होती आणि आपलं कोल्हापूर काही केल्या खाली येत नव्हतं. सी.पी.आर. तर आधीच्या वर्षापासूनच कोरोनाच्या पेशंटसाठी राखून ठेवलेलं. त्या दिवसांत माझ्या माहितीतल्या एका घरात बाळंतिणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बाळ जेमतेम दोन आठवड्यांचं. घरच्यांनी घाबरून बाळ दुसऱ्या खोलीत नेलं आणि डब्याच्या पावडरीवर ठेवलं. आईला ताप होता तो चार दिवसांत उतरला. पण चौदा दिवसांनी बाळ तिच्याजवळ आलं तेव्हा दूध आटलं होतं. पुढचे सहा महिने त्या बाळाचं पोट सारखं बिघडत होतं. कोणी वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. माया होती म्हणूनच केलं. माहिती मात्र अपुरी होती.

तर आता मुद्द्यावर येऊ. श्वासाचे रोग पसरवणारे विषाणू, म्हणजे साध्या सर्दीचे, फ्लूचे, कोरोनाचे आणि आर.एस.व्ही. नावाचा एक, हे आईकडून बाळाकडे कुठल्या वाटेनं जाऊ शकतात? वाटा तीन सांगता येतात. पहिली गर्भात असताना वारेतून. दुसरी जन्मानंतर आईच्या श्वासातून, खोकल्यातून, हातांवरून. तिसरी दुधातून. एकेक वाट तपासू या.

पहिली वाट. याचं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. २०२० च्या जुलै महिन्यात ससून रुग्णालयातल्या बालरोग विभागाच्या प्रमुख डॉ. आरती किणीकर यांनी एका मुलीची केस जाहीर केली. आईला बाळंतपणाच्या आदल्या दिवशी ताप होता, पण तिची नाकाची तपासणी निगेटिव्ह आली होती. बाळाची मात्र पॉझिटिव्ह आली, आणि नाळ व वार तपासली तर त्यातही विषाणू. म्हणजे संसर्ग पोटातच झालेला. दोन-तीन दिवसांत ते बाळ बरंच आजारी झालं, पण ससूनच्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं आणि तीन आठवड्यांनी घरी सोडलं. देशातली अशी पहिली नोंद म्हणून ती वर्तमानपत्रांत आली. म्हणजे ही वाट आहे, पण क्वचितची. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या सायन रुग्णालयानं सांगितलं की त्यांच्याकडे कोरोना असलेल्या मातांची ११५ बाळं जन्मली, त्यातली फक्त तीन सुरुवातीला पॉझिटिव्ह आली आणि पुढच्या तपासणीत तीही निगेटिव्ह निघाली.

आता तिसरी वाट आधी घेतो, कारण सगळी भीती तिचीच आहे. दूध.

२०२० मध्येच अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कोरोना झालेल्या १८ मातांच्या दुधाचे ६४ नमुने तपासले. एका नमुन्यात विषाणूच्या जनुकाचे अंश सापडले. पण संसर्ग करू शकेल असा जिवंत विषाणू एकाही नमुन्यात मिळाला नाही. हा फरक समजून घ्या. एखाद्या बंद खात्याचं पासबुक ड्रॉवरमध्ये सापडलं म्हणून त्या खात्यावर पैसे काढता येत नाहीत. तसंच हे. अंश सापडणं वेगळं आणि रोग देणारा विषाणू सापडणं वेगळं.

दुधातून जाणारे विषाणू नाहीतच, असंही नाही. एच.आय.व्ही. हे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. त्या मातांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच चालायला पाहिजे. पण तो सर्दी-खोकल्याचा विषाणू नव्हे. दोन्हींना एका माळेत ओवलं की गोंधळ होतो.

इथं कोणी वाचनाची आवड असलेला तरुण मला अडवेल की काका, प्राण्यांमध्ये तर दुधातून फ्लू गेल्याचं सिद्ध झालंय. बरोबर आहे. २०१५ साली फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फ्लूच्या संशोधनात हा प्राणी वापरतात, कारण त्याला माणसासारखाच फ्लू होतो. दूध पिणाऱ्या पिल्लांच्या नाकात २००९ च्या स्वाइन फ्लूचा विषाणू सोडला. पिल्लं आजारी पडली आणि आईच्या स्तनग्रंथींत विषाणू पोचला. म्हणजे वाट उलटी होती, पिल्लाकडून आईकडे. दुधातही जिवंत विषाणू सापडला. मग २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींना बर्ड फ्लू झाला आणि त्यांच्या कच्च्या दुधात विषाणू भरपूर सापडला. पाश्चरायझेशन केल्यावर तो मरतो हेही तपासलं गेलं. आपण कोल्हापूरकर गंगावेशीत म्हैस पिळून तिथल्या तिथं धारोष्ण दूध पिणारी माणसं! आम्ही तरुणपणी पेल्यामागून पेले रिचवलेत. पण घरी आलेलं दूध आपल्या आया-बहिणी तापवल्याशिवाय देत नव्हत्या, ते उगीच नव्हे.

तरीही फेरेट म्हणजे माणूस नव्हे आणि गाय म्हणजे बाई नव्हे. माणसाच्या बाबतीत, सर्दी-फ्लू-कोरोनासाठी अंगावरचं दूध ही संसर्गाची नेहमीची वाट आहे असं आढळलेलं नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २३ जून २०२० रोजी स्पष्ट सांगितलं की कोरोना असलेल्या किंवा त्याचा संशय असलेल्या आईनंही स्तनपान सुरू करावं आणि चालू ठेवावं.

मग बाळाला सर्दी होते कशी? उत्तर दुसऱ्या वाटेत आहे. नाक, तोंड आणि हात. आई बाळाला पाजते तेव्हा तिचं नाक आणि बाळाचं नाक यांत वीतभर अंतर असतं. ती शिंकली, खोकली, नुसती बोलली तरी बारीक थेंब बाळाच्या तोंडावर जातात. नाक पुसलेल्या हातानं ती बाळाचं तोंड पुसते. आर.एस.व्ही. तर टेबलासारख्या कठीण पृष्ठभागावर काही तास टिकू शकतो. म्हणजे पाजताना संसर्ग होऊ शकतो, पण तो दुधानं नव्हे, श्वासानं आणि हातानं होतो. ही गोष्ट एकदा कळली की उपायही कळतो. श्वास झाका, हात धुवा, दूध चालू ठेवा.

हे करून बघितलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२० च्या पहिल्या लाटेत कोरोना असलेल्या ११६ मातांची १२० बाळं आईजवळच ठेवली. पाळणा आईच्या खोलीतच, थोडा अंतरावर. पाजताना आईला मास्क, पाजण्याआधी हात धुणं, एवढंच. पहिल्या २४ तासांच्या तपासणीत एकही बाळ पॉझिटिव्ह नव्हतं. पाच-सात दिवसांनी ज्यांची पुन्हा तपासणी झाली, ती ७९ बाळंही सगळी निगेटिव्ह. आधी बाळ वेगळं ठेवा म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही त्याच वर्षी आपला सल्ला बदलला.

आता जमेची बाजू बघू. बँकवाला आहे, नुसती नावेची बाजू सांगून थांबणार नाही.

बाळ जन्मतं तेव्हा वारेतून आईची प्रतिपिंडं घेऊन येतं. ही त्याची मुदत ठेव. पण त्यात नवी भर पडत नाही, महिन्यामहिन्यानं ती कमी होत जाते. सहा महिन्यांपर्यंत बरीचशी संपते. दुसरं खातं म्हणजे दूध. त्यात रोज भर पडते. पहिल्या चिकात तर प्रतिपिंडं भरपूर असतात, म्हणून तो पिळून टाकू नका असं डॉक्टर सांगतात. आणि यातली खरी गंमत अशी की आईला सर्दी झाली की तिचं शरीर त्याच विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागतं आणि ती दुधात उतरतात. म्हणजे आई आजारी असताना दूध तोडणं म्हणजे जप्तीची नोटीस आली त्याच दिवशी आपलंच खातं गोठवण्यासारखं आहे. बहुतेक वेळा आपल्याला लक्षण दिसायच्या आधीच बाळ त्या विषाणूच्या संपर्कात आलेलं असतं. तेव्हा त्याला औषधच बंद करायचं का?

आणखी एक नवल वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातल्या संशोधकांनी पाजत असताना सोनोग्राफी करून दुधाच्या नळ्या बघितल्या. २००४ साली त्यांनी लिहिलं की पान्हा फुटल्यावर नळ्या रुंदावतात आणि मग उरलेलं दूध थोडं मागं वळतं. त्याबरोबर बाळाच्या तोंडातलंही थोडं आत जात असावं, असा तर्क आहे. त्याच शहरातल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की बाळ आजारी असताना आईच्या दुधातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. आई स्वतः बरी असली तरी! म्हणजे बाळाची तक्रार आईच्या शरीरापर्यंत पोचते आणि उत्तर दुधातून येतं. याची सगळी यंत्रणा अजून उलगडलेली नाही, पण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते एवढं नक्की.

आर.एस.व्ही.बद्दल दोन शब्द, कारण हे नाव आपल्याकडे फारसं ऐकू येत नाही. दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा होऊन जातो. बहुतेकांना साधी सर्दी. पण लहान बाळांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजल्या की दम लागतो. जगात पाच वर्षांखालची सुमारे १ लाख मुलं दरवर्षी यानं दगावतात आणि त्यातली निम्म्याच्या आसपास सहा महिन्यांच्या आतली असतात. आपल्या महाराष्ट्रात मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेनं गावोगाव फिरून दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये याचा अभ्यास केला आहे. हॉस्पिटलपर्यंत न पोचलेल्या मुलांचीही त्यात दखल घेतली. आपल्या सोसायटीतून चांगलं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, हे आपलं भाग्य. पण वेळेवर निघायला पाहिजे.

लसीचंही सांगतो. बांगलादेशात ३४० गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. गरोदरपणात आईला फ्लूची लस दिली, तर सहा महिन्यांखालच्या बाळांमध्ये तपासणीनं सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाला. लस आईला आणि फायदा बाळाला. इतक्या लहान बाळाला स्वतःला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून याचं महत्त्व. आर.एस.व्ही.साठीही गरोदरपणात द्यायची लस २०२३ पासून परदेशात सुरू झाली आहे. आपल्याकडे कोरोनाची लस १९ मे २०२१ ला स्तनदा मातांसाठी आणि २ जुलै २०२१ ला गर्भवतींसाठी खुली झाली. ज्यांच्या घरी सून किंवा लेक गरोदर आहे, त्यांनी डॉक्टरांना लसीबद्दल आपणहून विचारावं.

आता घरातल्या रीतींकडे वळतो. मी जुन्या रीतींना हसणारा माणूस नाही. आपल्याकडे दहा दिवस सोयर पाळायचे. बाहेरचं कोणी खोलीत जात नसे. जाणाऱ्यानं आधी हातपाय धुवायचे. बाळंतीण सव्वा महिना घरात. यामागचं कारण काहीही सांगितलं जात असेल, पण बाळाला गर्दीपासून लांब ठेवण्याचं काम त्यानं होत होतं. ती चांगली गोष्ट आपण सोडली. आता हॉस्पिटलमध्येच पन्नास माणसं बघायला येतात, प्रत्येक जण बाळाचा मुका घेतो, फोटो काढतो. आणि सोडायची ती गोष्ट मात्र धरून ठेवली. खिडक्या-दारं बंद करून शेगडी आणि धुरी. आपल्याकडे आषाढात झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, मग तर खोली कोंदटून जाते. कोंडलेल्या हवेत विषाणू साचतो आणि धुरानं बाळाच्या श्वासनळ्यांना त्रास होतो. बाळाच्या नाकात तेल घालणंही बंद करा, ते फुप्फुसात जाऊ शकतं. आणि आईनं ताक प्यालं, केळं खाल्लं म्हणून बाळाला सर्दी होत नाही. सर्दी विषाणूनं होते.

आईला सर्दी, ताप असेल तर काय करायचं ते थोडक्यात :

पाजताना नाक-तोंड झाकेल असा मास्क लावा. पाजण्याआधी आणि बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुवा. एक खिडकी थोडी तरी उघडी ठेवा. पाजून झालं की बाळ घरातल्या ठणठणीत माणसाकडे द्या. आईला उठवतच नसेल तर दूध स्वच्छ हातांनी वाटीत काढून चमच्यानं पाजा, म्हणजे दूध आटत नाही. आईनं पाणी, पेज, आमटी भरपूर घ्यावी. सर्दीच्या काही गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, म्हणून औषध डॉक्टरांना विचारूनच.

बाळाकडे लक्ष ठेवा. नाक चोंदलं की त्याला पिता येत नाही, कारण पिताना ते नाकानंच श्वास घेतं. डॉक्टर देतात ते मिठाच्या पाण्याचे थेंब त्यासाठी असतात. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ प्यायचं सोडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता माझं दार वाजवा. माझी गाडी खालीच असते.

शेवटचा मुद्दा आपल्या सर्वांचा आहे. आतापर्यंत सगळं आईनं काय करायचं हेच सांगितलं. पण विषाणू आईला कुठून येतो? तो आपण नेतो. पाचवीला, बारशाला, ‘जरा बघून येतो’ म्हणून. आणि आणखी एक व्यक्ती आहे जिचा आपण विचारच करत नाही. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी. त्या दिवसात तीन-चार घरं करतात. त्यांना खोकला असला तरी त्या येतात, कारण एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे जातात. आपण त्यांना म्हणतो, मास्क लावा. आपण असं कधी म्हणत नाही की मावशी, दोन दिवस येऊ नका, पैसे मिळतील. दोन दिवसांचे पैसे किती होतात? बाळ हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं तर एका दिवसाचं बिल किती होतं? हिशेब मी करून दाखवायला नको. त्या मावशींच्या घरीही नातवंडं असतील, त्यांनाही हीच सर्दी जाते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे, रौप्यमहोत्सवी वर्ष आहे तर, तीन विनंत्या ठेवतो. एक, या सभागृहाला लागून जी अडगळीची खोली आहे ती रिकामी करून, रंग देऊन, पंखा आणि खिडकीला पडदा लावून बाळाला पाजण्यासाठी द्यावी. समारंभात आमच्या लेकीसुनांना गर्दीत कोपरा शोधायला लागू नये. दोन, नोटीस बोर्डावर कायमची एक पाटी असावी : ‘सर्दी-खोकला असेल तर बाळ बघायला नंतर या. बाळ कुठं जात नाही.’ तीन, न्हाऊ घालणाऱ्या आणि घरकामाच्या मावशींना आजारपणात भरपगारी सुट्टी द्यायची, असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडावा. मी सूचक व्हायला तयार आहे, अनुमोदक तुमच्यातून पाहिजे.

(भाषणानंतर महिला मंडळातून दोन अनुमोदक उभ्या राहिल्या. अडगळीच्या खोलीची किल्ली सचिवांनी दुसऱ्याच दिवशी शोधून काढली.)